भाग्येशचा वरचा दात

प्रफुल्ल राऊतच्या तब्येतीची चौकशी बोईसरमध्ये सहसा कुणी करत नसे. माणूस धडधाकट, तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, आणि शिंक आली तरी तिचं मूळ कारण शोधणारा. अशा माणसाला ‘कसे आहात?’ विचारलं तर तो खरंच सांगत बसेल, ही धास्ती सगळ्यांना होती. त्यामुळे त्या सोमवारी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कृष्णकांतकाकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून “प्रफुल्ल, बरा हायस ना रे?” असं विचारलं, तेव्हा त्याला जरा बरंच वाटलं.

“एकदम बरा, काका. का?”

“नाय, सहज. आज स्कूटरनं जाऊ नको. आनि जिना उतरताना कठडा धर.”

“अहो, पण झालंय काय?”

“म्हंजे तुला कोनी सांगितलंच नाय?” काकांनी आवाज खाली आणला. “भावनाच्या पोराला वरचा दात आधी आलाय!”

आता ज्यांच्या घरात आजी नव्हती त्यांच्यासाठी सांगायला हवं. बाळाला पहिला दात खाली आला तर घरात साखर वाटतात. वर आला, तर तो मामाला भारी. आई, बाप, काका, आत्या एवढी माणसं मोकळी सोडून दाताचा राग नेमका मामावरच का, याचा खुलासा कुठल्याच आजीने आजवर केलेला नाही. मामा बहुधा समारंभात जास्त जेवतो म्हणून असेल.

भाग्येश हा प्रफुल्लच्या एकुलत्या एक बहिणीचा, भावनाचा मुलगा. दहा महिन्यांचा. तिचं सासर माहीमला. हे माहीम पालघरचं. हा खुलासा माहीमकरांना जन्मभर करावा लागतो, तेव्हा आपणही करून टाकलेला बरा. सहा महिने झाले, आठ झाले, तरी पोराला दात नव्हता, म्हणून भावनाच्या सासूबाई, माई, रोज सकाळी त्याच्या हिरडीवरून बोट फिरवत. रविवारी बोटाला काहीतरी टोचलं. माईंनी आनंदाने पोराचं तोंड उघडून पाहिलं आणि तिथेच पडवीत मटकन बसल्या.

प्रफुल्लने जिन्यातूनच बहिणीला फोन लावला. उचलला माईंनी.

“प्रफुल्लभाऊ, तुमाला आमी परकं मानत नाय, म्हनून सांगते. उपाय होईस्तोवर इकडं यायचं नाय. पोराचं तोंड बगायचं नाय. तुमच्याच भल्यासाठी हाय.”

“कसला उपाय, माई?”

“सोपा हाय हो. मामानं चांदीची वाटी आनायची, तिच्यात दहीभात कालवायचा आनि पोराकडं पाठ करून त्याला भरवायचा. दात पयल्यांदा बगायचा तो वाटीच्या चकचकीत बुडात. मग वाटी पोराला आनि मामा मोकळा.”

“आणि नाही केलं तर?”

“भरल्या घरात तसं बोलू नये,” माई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खरोखर कापला.

हीच तर पंचाईत होती. माईंना प्रफुल्लची मनापासून माया होती आणि सगळा घोटाळा त्या मायेनेच केला. खडूस विहीणबाईशी भांडता येतं. तुम्ही जगावं म्हणून उपास धरणाऱ्या बाईशी काय भांडणार?

वाटीचं म्हणाल, तर भाच्याला वाटी द्यायला त्याची ना नव्हती. जावळाला चांदीचीच वाटी न्यायची हे बायकोशी, सपनाशी, बोलून कधीच ठरलं होतं. पण जी वस्तू प्रेमाने द्यायची ती भीतीने द्यायची, हे त्याला जमेना. वीस वर्षं त्याने रंगांच्या बॅचेस पुराव्यानिशी पास-नापास केल्या होत्या. आणि इथे त्याच्या भाच्याचा दात, बिचारा नवाकोरा दात, काही न तपासता नापास झाला होता. “मी उपाय करणार नाही,” त्याने फोनवर जाहीर केलं. “माझ्या भाच्याच्या दातात काही खोट नाही.”

“मंग जावळाला मांडीवर आमी चिरागला बसवू,” माई हळूच म्हणाल्या.

हा वार वर्मी लागला. जावळ महिन्यावर आलं होतं, आणि जावळाला पोर बसतं ते मामाच्या मांडीवर. प्रफुल्ल या मांडीसाठी तयारी करत होता. ऑफिसच्या खुर्चीत त्याची मांडी घालायची सवय मोडली होती, म्हणून गेले दोन महिने तो रोज रात्री जमिनीवर बसून जेवत होता. गुडघे कुरकुरत, उठताना सपनाला हात द्यावा लागे, पण माणूस मागे हटला नव्हता. आणि आता त्या जागी चिराग! चिराग म्हणजे पालघरला मोबाइलची कव्हरं विकणारा प्रफुल्ल-भावनाचा चुलतभाऊ. भाग्येशच्या बारशाला तो पंगत बसताना आला होता आणि विडा खाऊन निघून गेला होता. पाळण्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं.

“चिराग पण मामाच ना? मग दोष त्याला नाही लागणार?”

“चुलत मामाला चुलत दोष,” माई म्हणाल्या. “तो अंगावरनं जातो.”

प्रफुल्लने फोन ठेवला आणि कठडा न धरता जिना उतरला.

दोन दिवसांत सगळ्या बोईसरला उपाय सुचू लागले. कृष्णकांतकाका म्हणाले, केळव्याला जाऊन समुद्रात नारळ सोड, पण भरती बघून, नाहीतर नारळ परत येतो आणि दोष दुप्पट होतो. कंपनीतला उत्तरेकडचा एक ऑपरेटर म्हणाला, “हमारे उधर मामा को सूप से मारते हैं, साहब. हल्के से.” कोण मारतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “जो भी खाली बैठा हो, फुरसत में.” पहिल्या मजल्यावरचा मेहुल विमा एजंट होता. तो संध्याकाळी चकचकीत पुस्तिका घेऊन घरी आला. “उपायाचं तुमचं तुम्ही बघा, प्रफुल्लभाई. मी फक्त नॉमिनीचं विचारायला आलोय.” सपनाने त्याला चहा दिला आणि समोर बसून सगळं लक्षपूर्वक ऐकलं. एक-दोन शंकाही विचारल्या. दातापेक्षा प्रफुल्लला हे जास्त लागलं.

कंपनीत तर कहर झाला. गेटवर ‘अपघाताविना गेलेले दिवस’ असा मोठा फलक होता, आकडा विक्रमाला टेकला होता आणि सत्काराला पाहुणे ठरले होते. सेफ्टी ऑफिसर अक्षय हा शिकलेला, हुशार मुलगा. तो प्रफुल्लच्या टेबलापाशी येऊन घुटमळला.

“सर, माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही.”

“शाबास.”

“पण बोर्डाचं काय सांगता येतं, सर? तुम्ही जावळापर्यंत प्लांटमध्ये राउंड मारू नका. शिडीला हात लावू नका. आणि कँटीनमध्ये पंख्याखालची ती जागा... जरा कोपऱ्यात बसाल का?”

प्रफुल्लने ताठ मानेने ताट उचललं आणि तो बरोबर पंख्याखाली जाऊन बसला. त्या टेबलावर त्या दिवशी दुसरं कुणी बसलं नाही. त्याने दोनदा ताक मागून घेतलं आणि मुद्दाम सावकाश जेवला. पंखा चालू राहिला, पण जेवण काही गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी मात्र त्याच्याने राहवेना. स्कूटर काढून तो थेट माहीमला गेला. माईंच्या वाडीत नारळी-पोफळींच्या सावलीत स्कूटर लावली आणि अंगणात जाऊन उभा राहिला. माईंनी त्याला लांबूनच पाहिलं, कडेवरच्या भाग्येशच्या तोंडावर पदर टाकला आणि त्या मागच्या खोलीत पळाल्या. पोराला तो खेळ वाटला असावा, कारण ते आतून खिदळायला लागलं. दहा पावलांवर भाचा हसतोय आणि आपण अंगणात कुरिअरवाल्यासारखे उभे!

“माई,” तो ओरडला, “मी दात बघितल्याशिवाय जाणार नाही! काय व्हायचं ते होऊ दे!”

तेवढ्यात ते झालं. वरून सर्रकन आवाज आला आणि माडाची एक वाळलेली, पुरुषभर लांबीची झावळी धाडदिशी स्कूटरवर कोसळली. दिवा फुटला, आरसा मोडला. आतापर्यंत निर्मनुष्य दिसणाऱ्या वाडीत कुंपणाआडून माणसंच माणसं बाहेर आली. “हुकलं रे हुकलं! थोडक्यात वाचला मामा!”

“अहो, माडाखाली स्कूटर लावली!” प्रफुल्ल कळवळून म्हणाला. “माडावरून झावळी नाही पडणार तर काय आंबा पडणार?”

पण पुरावा समोर पडला असताना आरोपीचं कोण ऐकतो? माई बाहेर आल्या, झावळी पाहिली आणि पायरीवर बसून रडायला लागल्या. “उद्या तुमाला काय झालं, तर माझ्या सुनेला मी तोंड कसं दाखवू? भाऊ एकच हाय हो तिला!” त्यांचे अश्रू खरे होते. प्रफुल्लला फार वाईट वाटलं. हात जोडून, मोडका आरसा खिशात घालून तो परत फिरला. पण उपायाला ‘हो’ म्हणाला नाही.

संध्याकाळी भावनाचा फोन आला. “दादा, एक वाटीच तर आहे. करून टाक ना.”

“तूसुद्धा?”

“माझा नाही रे विश्वास. पण तो तुझ्या मांडीवर बसावा असं मला वाटतं. चिरागच्या नको.” आणि जाता जाता म्हणाली, “तुला आवडेल असा आहे दात. तांदळाच्या कणीएवढा.”

प्रफुल्लने फोन ठेवला. मग त्याने ठरवलं, आता हे प्रकरण कागदावरच मिटवायचं. डॉक्टरचा दाखला आणायचा.

पालघरला डॉक्टर रूपल नावाच्या दंतवैद्य होत्या. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने नाव विचारलं. प्रफुल्लने सांगितलं, भाग्येश. वय दहा महिने. “पेशंट कुठंय?” पेशंटला बघायची मला बंदी आहे, असं प्रफुल्लने सांगितल्यावर तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि “बसा” म्हणाली. अर्ध्या तासाने “भाग्येश!” अशी हाक आली. आत बसायला एकच खुर्ची होती, ती पेशंटची. प्रफुल्ल तिच्यात टेकला आणि “डॉक्टर, प्रश्न वरच्या दाताचा आहे,” एवढं बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा मिटू दिलं नाही.

“वरचाच आहे,” आरसा आत फिरवत त्या म्हणाल्या. “अक्कलदाढ. पार किडलीय. दुखत कशी नाही तुम्हाला?”

खरा प्रकार कळल्यावर त्या खूप हसल्या आणि मग त्यांनी शांतपणे समजावलं. बहुतेक बाळांना खालचे दात आधी येतात, काहींना वरचे. कुणाला सहाव्या महिन्यात येतात, कुणाला वर्षाचं झाल्यावर. सगळं ठीकच. अडीच-तीन वर्षांत दुधाचे वीस दात होतात, सहाव्या-सातव्या वर्षापासून ते पडायला लागतात आणि पक्के येतात. त्यांनी तसं मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिलं आणि खाली शिक्का मारला. प्रफुल्लला इतका आनंद झाला की त्या भरात त्याने अक्कलदाढही काढून घेतली.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, “तरी एक सांगू? वाटी देऊन टाका. माझ्या मुलाचा पण वरचाच आधी आला होता. माझ्या भावाने लगेच दिली. उगाच कशाला?”

प्रफुल्लला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडात कापूस होता.

घरी पोचेपर्यंत उजवा गाल बटाटेवड्याएवढा झाला. जिन्यात कृष्णकांतकाका भेटलेच. गाल पाहिला, दाताचं आहे हे कळलं, वरचाच आहे हेही कळलं, आणि काकांनी कपाळाला हात लावला. “शेवटी दातानंच धरलं रे तुला!” बातमी त्याच संध्याकाळी माहीमला पोचली. दोन दिवस प्रफुल्ल पातळ भात खात होता आणि ज्या माणसाचं सगळं बळ वाद घालण्यात, त्याला मान हलवून उत्तरं द्यावी लागत होती. तेवढ्या काळात मेहुल पुन्हा एकदा येऊन गेला.

जावळाच्या दिवशी प्रफुल्ल आणि सपना सकाळीच माहीमला पोचले. सोबत कृष्णकांतकाकाही होते. त्यांना बोलावलं नव्हतं, पण शेवट बघितल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. सपनाच्या पिशवीत चांदीची वाटी होती. “ही भेट आहे,” प्रफुल्लने तिला वाटेत तीनदा बजावलं. “सगळं झाल्यावर काढायची. आधी काढलीस तर मी समुद्रात उडी घेईन.” “आज ओहोटी आहे,” सपना म्हणाली.

अंगणात मांडव होता. पाटावर चिराग नवा झब्बा घालून बसला होता आणि मांडीवर पोर येणार या विचाराने आतापासूनच घामाघूम झाला होता. प्रफुल्लची खुर्ची पार मागे, माडांपासून लांब, तुळशीच्या पलीकडे मांडली होती. त्याने सरळ माईंसमोर जाऊन दाखला धरला. माईंना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून कृष्णकांतकाकांनी तो खणखणीत वाचला. “वरचे दात आधी येणे हे पूर्णपणे नैसर्गिक आहे.”

“नैसर्गिकच हाय,” माई म्हणाल्या. “करनी हाय असं कोन म्हनतंय? निसर्गच तो. तुमच्यावर भारी पडलाय.”

काकांनी दाखल्याची घडी घालून तो आदराने परत दिला.

भावनाने भाग्येशला आणून चिरागच्या मांडीवर ठेवलं. प्रफुल्लच्या बाजूने त्याच्या तोंडाला दुपट्याचा आडोसा धरला होता. न्हाव्याने कात्री काढली मात्र, पोराने असा टाहो फोडला की शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. चिरागने त्याला काखेत धरून पाहिलं, पायावर धरून पाहिलं, शेवटी चेंडू झेलावा तसं हातांत धरून तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “घ्या ना कुणीतरी!” पोर लालबुंद झालं, श्वास धरून बसलं. भावनाने मागे वळून भावाकडे पाहिलं.

बस्स. प्रफुल्ल उठला, तुळशीला वळसा घालून पुढे आला, चिरागला दंडाला धरून उठवलं आणि स्वतः पाटावर मांडी घालून बसला. एका झटक्यात, कुणाच्या आधाराशिवाय. तीन महिन्यांची मेहनत होती ती. भाग्येशला मांडीवर घेऊन त्याने दुपटं भिरकावलं आणि म्हणाला, “आण रे बघू तुझा तो दात!” आणि सगळ्या माहीमच्या देखत त्याने उजव्या हाताचं बोट पोराच्या तोंडात घालून वरचा ओठ उचलला. दिसला. एक सोडून दोन आले होते. पांढरेशुभ्र, कोवळे, धारदार. धारदार हे त्याला लगेच कळलं, कारण भाग्येशने रडणं थांबवून ते बोट कचकन चावलं.

“आई गं!”

रक्त आलं. आणि मग माई दोन्ही हात वर करून ओरडल्या, “लागलं! मामाला लागलं! सुटला गं बाई, मामा सुटला!”

“काही लागलेलं नाही!” प्रफुल्ल बोट मुठीत लपवत म्हणाला.

“रक्त आलंय की हो!”

“ते चावल्यामुळे आलंय! दोषामुळे नाही!”

“दात कोनाचा?” माईंनी विचारलं. “पोराचा. वरचा. बोट कोनाचं? मामाचं. जे भारी होतं ते बोटावर निभावलं. आजून काय पायजे तुमाला?”

प्रफुल्लने मूठ उघडून बोट पाहिलं. दात, बोट, रक्त, साक्षीदार; पुराव्यात कुठेही त्रुटी नव्हती. नाही म्हणावं तर दोष शिल्लक राहतो आणि मांडी जाते. हो म्हणावं तर महिनाभर फुटका दिवा, सुजलेला गाल आणि मेहुलची पुस्तिका सोसून लढलेली लढाई माईंच्या खात्यावर जमा होते. त्याने पोराला छातीशी घट्ट धरलं.

“माई, ऐका. माझा भाचा मला चावला. एवढंच झालंय. दोष नव्हता, नाही, आणि सुटलाही नाही. आणि मी इथून उठणार नाही. उठवायचंच असेल तर पाटासकट उचला!”

“कशाला उचलू?” माई डोळे पुसत हसत म्हणाल्या. “बसा की. तुमचीच जागा हाय ती.” आणि त्यांनी बोटावर हळद दाबली. कुणी उठवायलाच येईना, तेव्हा लढायचं कुणाशी, हे त्याला कळेना. पण मांडीवर भाग्येश शांत झाला होता. कात्री चालत होती, कोवळे केस आत्याच्या ओटीत पडत होते, आणि पोरगं मामाचं हळदीचं बोट चोखत सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होतं. प्रफुल्लच्या पायांना मुंग्या आल्या. तो हलला नाही.

सगळं आटोपल्यावर त्याने सपनाला खूण केली. तिने वाटी काढली.

“आता वाटी कशाला?” माई म्हणाल्या. “आता गरज नाय उपायाची.”

“गरज नाही म्हणूनच,” प्रफुल्ल म्हणाला आणि भाच्याच्या समोर बसून, त्याच्या तोंडाकडे बघत, त्याने त्याला वाटीतून खीर भरवली. भावनाने पदर डोळ्यांना लावला आणि खीर गरम आहे का बघायचं निमित्त केलं.

निघताना माई फाटकापर्यंत आल्या. स्कूटर आज उन्हात, उघड्यावर लावली होती. माईंना राहवलं नाही. “भाऊ, हे दुधाचे झाले. सातव्या वर्षी पक्के दात येतील. ते बी वरचेच आधी आले, तर?”

प्रफुल्लने स्कूटरला किक मारली आणि हळदीचं बोट मुडपून दोन्ही हात वर केले.

“येऊ देत, माई. माझी अजून नऊ बोटं शाबूत आहेत.”